मांडवीतल्या बोटी आणि शेजारच्या घरांचे पैसे

माझ्या मावसभावाने कोल्हापुरातले चालते दुकान विकले, तेव्हा त्याचे कारण घरात कोणालाच ठाऊक नव्हते. पुढे वहिनींनी कपाटातली एक वही माझ्यापुढे ठेवली. तिच्यात डावीकडे पणजीला मांडवी नदीतल्या बोटींवरच्या कॅसिनोत केलेल्या फेऱ्यांच्या तारखा होत्या, उजवीकडे सोबत नेलेली रक्कम, आणि जवळजवळ प्रत्येक ओळीखाली त्याच्या सुबक अक्षरात ‘पुढच्या वेळी वसूल’ असा शेरा. शेवटच्या तीन रकमा वहिनींच्या पाटल्या गहाण ठेवून उभ्या केलेल्या होत्या.

नशिबाने साथ दिली नाही, असे तो आजही म्हणतो. इतकी वर्षे गल्ला सांभाळलेल्या माणसाला तिथला साधा हिशेब कसा दिसला नाही, याचे मला फार वाईट वाटते. रूलेट या फिरत्या चाकाच्या खेळात एकच शून्य असलेल्या चाकावर आकड्यांची ३७ घरे असतात आणि आकडा लागला, तर लावलेली रक्कम परत मिळून वर तिच्या ३५ पट मिळतात. सगळ्या घरांवर शंभर-शंभर रुपये लावले, तर ३,७०० जातात आणि परत येतात ३,६००. शेकडा २.७ ची ही कसर किरकोळ वाटते खरी, पण सावकाराचे व्याज महिन्याने चढते आणि ही कसर प्रत्येक फेरीला बसते. शिवाय हातात नोटांऐवजी चिप्स असल्यामुळे काय गेले, याची जाणीवही बोथट होते.

गोव्याचा जुगारविरोधी कायदा १९७६ चा आहे. त्यातच १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांतील जुगाराच्या यंत्रांना आणि १९९६ मध्ये जहाजांवरील टेबलांच्या खेळांना वाट करून देण्यात आली. महाराष्ट्रानेही १९७६ मध्येच कॅसिनोंसाठी कायदा केला होता, पण तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला.

१ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याने आपल्या रहिवाशांना कॅसिनोत खेळण्यास बंदी केली. ती योग्यच आहे. परंतु जो खेळ म्हापशाच्या घराला घातक मानला जातो, तो कोल्हापूर-बेळगावच्या घराला निरुपद्रवी कसा ठरतो? कॅसिनोंमुळे रोजगार मिळतो, परवाना शुल्क आणि कर मिळतो, हे मी नाकारत नाही. मात्र ही जमा पणजीत मांडली जाते आणि तिच्यामागचे नुकसान दुसऱ्या राज्यातल्या एखाद्या स्वयंपाकघरात सोसले जाते. ते कोणत्याच अर्थसंकल्पात दिसत नाही.

सिंगापूरमध्ये जुगाराच्या आहारी गेलेल्या माणसाला कॅसिनोत घेऊ नये, असा अर्ज त्याच्या घरच्यांना करता येतो, आणि आदेश निघाला की दारावरच त्याला अडवले जाते. ही सोय गोव्याच्या सीमेपलीकडच्या कुटुंबांनाही हवी आणि तिची माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचायला हवी. वहिनींनी असा अर्ज आपल्या मनाने लिहूनही ठेवला होता. तो कोणाच्या नावे पाठवायचा, हे त्यांना कोणी सांगू शकले नाही, म्हणून तो अजून त्याच वहीत घडी घालून ठेवलेला आहे.