नव्या डबल ग्लेझिंगवर (दोन काचांच्या खिडकीवर) पाणी: आधी बाजू ओळखा

बोट फिरवून बघा. खोलीच्या बाजूने पुसलं जातंय? मग काच बहुधा ठीक आहे, खोलीत दमटपणा जास्त आहे. जुन्या खिडक्यांच्या फटींतून बाहेर जाणारी वाफ आता आतच कोंडते. २०° सेल्सिअस आणि ६०% आर्द्रता असेल, तर सुमारे १२° च्या पृष्ठभागावर पाणी धरतं. कडेला ॲल्युमिनियमचा स्पेसर (दोन काचांमधे अंतर राखणारी पट्टी) असेल तर सुरुवात तिथूनच. हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) ठेवा, थंडीत आर्द्रता ४०–५०% राखा, स्वयंपाक आणि आंघोळीच्या वेळी एक्झॉस्ट लावा.

पहाटे बाहेरून धुकं? उलट चांगलं लक्षण. आतली उष्णता बाहेरच्या काचेपर्यंत पोचत नाहीये.

दोन काचांच्या मधे ओल असेल तर मात्र काचांच्या कडेचं सील गेलं. स्पेसरमधले ओलावा शोषणारे दाणे भरले की थेंब दिसतात. भोक पाडून सुकवण्याच्या फंदात पडू नका; सील फुटलेलंच राहतं. फ्रेम तशीच ठेवून दोन काचांचा सीलबंद संच बदलून घ्या, वॉरंटीतच.

पण नव्या खिडकीचं सील इतक्यात का जावं? बऱ्याचदा फ्रेमच्या खालची निचऱ्याची भोकं सिलिकॉनने बुजलेली असतात आणि काचेची कड पाण्यात उभी राहते. फ्रेमच्या खालच्या खाचेत कपभर पाणी ओता. ते बाहेर पडलं पाहिजे.