आधी बांध, मग झोण

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मस्कतच्या रुवी भागात पैसे पाठवणाऱ्यांची रांग लागते. केरळचे, बांगलादेशचे, आपले गोव्यातल्या डिचोली-सत्तरीचे, सगळे ओळखपत्र हातात धरून उभे. काउंटरवरचा मुलगा विचारतो, "पैसे कशासाठी?" बारा वर्षं मी एकच उत्तर देत आलो, घरखर्च. यंदा चतुर्थीला घरी जाऊन आलो, आणि त्या प्रश्नाने मला धरून ठेवलंय.

आमचा गाव मांडवीच्या काठावर. बाबांचा खाणीवर ट्रक होता. चीनला आपलं हलक्या प्रतीचं लोहखनिजसुद्धा जाऊ लागलं, तेव्हा गावात अनेकांनी कर्ज काढून ट्रक घेतले. खाणीचं लीज असलेल्याचा पैसा टनावर, आमचा खेपेवर. ट्रक पळेल तेवढाच हप्ता सुटायचा. धूळ मात्र सगळ्यांच्या वाट्याला आली, ट्रक असलेल्यांच्या आणि नसलेल्यांच्याही. २०१२ च्या सप्टेंबरात सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने. बंदी चुकीची होती असं मी म्हणणार नाही. डोंगर सपाट होताना आम्हीच पाहिलेत. पण अंगणात उभ्या ट्रकच्या टायरांत गवत वाढलं आणि बँकेचा हप्ता चालूच राहिला.

त्या दिवसांत आमची चूल पेटली ती नाक्यावरच्या दुकानदारकाकांच्या वहीवर. तांदूळ, तेल, साखर, आईची बीपीची गोळीसुद्धा. पैशांचं काढलं की म्हणायचे, "पुता, उपरांत दी." माझा मस्कतचा पहिला पगार त्यांच्याकडेच गेला. व्याज त्यांनी घेतलं नाही.

यंदा त्यांनी ती वही मला दाखवली. लाल कापडी पुठ्ठा, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. तेवीस घरांची नावं, एकोणिसांवर आडवी रेघ. उरलेल्या चारांकडे त्यांनी कधी मागितलं नाही. मी उपकाराची भाषा केली तर ते जवळजवळ रागावले. "हीं घरां बुडलीं जाल्यार म्हजें दुकान कशें चलतलें?"

मला गावकरीची, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या गावसंस्थेची, आठवण झाली. १५२६ च्या फोरलमध्ये, म्हणजे पोर्तुगीज सनदेत, गावकरीचे जुने रिवाज नोंदले आहेत. गावच्या शेतांची पावणी, म्हणजे लिलाव, व्हायची, त्या पैशातून देऊळ, गावचे चाकर, बांधांची दुरुस्ती असा खर्च भागायचा, आणि त्यानंतर उरेल ते गावकरांमध्ये, म्हणजे या संस्थेच्या वंशपरंपरागत सदस्यांमध्ये, झोण म्हणून वाटलं जायचं. त्यात अन्याय होताच. झोण गावकरांच्या पुरुषांना मिळायची. डोक्यावरून चिखल वाहून बांध घालणाऱ्या बाईला त्यातलं काही नव्हतं. पण वाटपाचा क्रम मला अजून पटतो. आधी बांध, मग झोण. खाणीच्या पैशात हा क्रमच उलटला होता.

खाजन शेतात बांध म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. नदीचं खारं पाणी अडवायला मातीचा बांध, आणि त्यात मानस, म्हणजे लाकडी दारं. ओहोटीला आतल्या पाण्याच्या जोराने दार उघडतं, भरतीला नदीच्या जोराने आपोआप मिटतं. मानशीत मासळी सापडते, म्हणून तिचीही पावणी होते. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर बांध कुळांच्या संघाकडे आले. दार कुजलं की आत खारं पाणी शिरतं, शेत मरतं, पण मासळी वाढते. पावणी घेणाऱ्याचा हंगाम साधतो आणि बाकी गावाचा भात जातो. आमच्याकडे चार वर्षं असंच चाललं होतं, आणि याचा मला खरोखर संताप येतो.

गेल्या हिवाळ्यात देवळाच्या कमानीसाठी वर्गणीची यादी व्हॉट्सॲपवर आली. देणगीदारांची नावं संगमरवरावर कोरणार होते. देवळाला माझा विरोध नाही, आईचा जीव तिथेच आहे. पण मस्कतमधल्या आम्ही गावच्या सहा जणांनी ठरवलं की यंदाचे पैसे मानशीच्या दाराला द्यायचे. दोघा नातेवाइकांनी माझ्याशी बोलणं सोडलं. समितीतल्या एका काकांनी फोन करून विचारलं, "अरे, मग तुमचं नाव कुठे घालायचं?"

काम मेमध्ये झालं. चतुर्थीच्या तिसऱ्या दिवशी बाबांना घेऊन बांधावर गेलो. भरती लागत होती. बराच वेळ काहीच झालं नाही, मग नवं दार हळूहळू सरकलं आणि धप्प आवाज करून बसलं. आतल्या बाजूला कोरगुटाला, खाऱ्या जमिनीतल्या भाताला, कणसं धरली होती. बाबा चप्पल काढून खाली उतरले, फळीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले.

डाव्या कोपऱ्यात चौकटीला बोटभर फट आहे. तिथून बारीक धार आत येते. पुढच्या पावसाआधी ती बुजवायला हवी. सहापैकी तिघांनी होकार दिलाय, बाकीच्यांशी मी या शुक्रवारी बोलणार आहे.