बरोच्या शेजारचा २२ नंबर: २०१९ ची एलएसयू नीट पाहायची तर

लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी, म्हणजेच एलएसयू, हिच्या चाहत्यांमध्ये २०१९ च्या अमेरिकन फुटबॉल संघाचा विषय निघाला की गाडी लगेच क्वार्टरबॅक (पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) जो बरोच्या आकड्यांवर येते. आकडे आहेतच तसे. पासचे ५,६७१ यार्ड, ६० टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे), फक्त ६ इंटरसेप्शन (बचावाने झेललेले पास), ७६.३ टक्के पास पूर्ण. पंधरा सामने, पंधरा विजय, आणि कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी तोवरच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या फरकाने. दुसरं नाव निघतं जमार चेसचं, तिसरं जस्टिन जेफरसनचं, दोघेही रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे. चौथ्या नावापर्यंत बोलणं क्वचितच पोचतं, आणि तो संघ समजून घ्यायचा तर तिथूनच सुरुवात करायला हवी, असं मला ठामपणे वाटतं. ते नाव क्लाइड एडवर्ड्स-हिलेअर. रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा, जर्सी नंबर २२, उंची पाच फूट आठ इंच, गाव बॅटन रूज, म्हणजे युनिव्हर्सिटी आहे तेच शहर.

आधी हे पाहा की बरो २०१८ मध्येही एलएसयूचाच क्वार्टरबॅक होता. ओहायो स्टेटमधून तीन वर्षांत पदवी घेऊन तो आला, त्यामुळे एक वर्ष बाहेर न बसता लगेच खेळू शकला. त्या मोसमात त्याने १६ टचडाउन पास दिले आणि ५७.८ टक्के पास पूर्ण केले. हात तोच, डोकं तेच. बदलला तो खेळाचा आराखडा. जानेवारी २०१९ मध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्स या एनएफएलमधल्या (व्यावसायिक लीगमधल्या) संघाकडून जो ब्रेडी हा तरुण प्रशिक्षक आला आणि आक्रमणाचा सूत्रधार स्टीव्ह एन्समिंगरच्या जोडीने त्याने आक्रमण मैदानभर पसरवलं. क्वार्टरबॅक शॉटगनमध्ये, म्हणजे लाइनपासून काही यार्ड मागे; एक रनिंग बॅक, एक टाइट एंड (अडवणारा आणि पासही झेलणारा), तीन रिसीव्हर. या रचनेला 'इलेव्हन पर्सनेल' म्हणतात: पहिला एक रनिंग बॅकचा, दुसरा एक टाइट एंडचा.

आता ही रचना तर जवळपास सगळेच संघ वापरतात. मग एलएसयूचं वेगळं काय होतं?

कॉलेज फुटबॉलमधला एक नियम इथे कळीचा आहे. आक्रमक संघाने खेळाडू बदलला, तर बचावालाही बदलायला वेळ द्यावा लागतो. पंच चेंडूपाशी उभा राहून स्नॅप, म्हणजे चाल सुरू करणारी चेंडूची पहिली फेक, थांबवतो. आक्रमक संघाने कोणालाच बदललं नाही आणि पटापट रांगेत उभा राहिला, तर बचाव अडकतो. मैदानावर जे अकरा आहेत त्यांनाच घेऊन खेळायचं. बहुतेक संघांना इथेच अडचण येते, कारण त्यांचा धावणारा बॅक चांगला असला तरी पास झेलण्यात किंवा ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा माणसांची चढाई) अडवण्यात कच्चा असतो. तिसऱ्या डाउनला (१० यार्ड पुढे जाण्याच्या चार संधींपैकी तिसऱ्या) त्याला बाहेर काढावं लागतं, दुसरा आणावा लागतो, आणि पास येणार हे समोरच्याला कळून चुकतं. एडवर्ड्स-हिलेअर त्या मोसमात १,४१४ यार्ड धावला, १६ टचडाउन केले, शिवाय ५५ पास झेलले. त्याला बाहेर काढायची गरजच पडत नव्हती. त्याच अकरा जणांत एलएसयू एका प्लेला (चालीला) धावण्याच्या तयारीत दिसायची आणि पुढच्या प्लेला पाचही जण पास झेलायला पसरलेले असायचे.

पाच जण पसरले की त्या मांडणीला 'एम्प्टी' म्हणतात, कारण क्वार्टरबॅकच्या शेजारी कोणी उरत नाही. २२ नंबर बाजूच्या रेषेकडे चालू लागला की नजर त्याच्यावरच ठेवा. त्याच्यामागे लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या फळीतला) गेला तर बचाव बहुधा माणसामागे माणूस खेळतोय. लाइनबॅकर आतच राहिला आणि बाहेर कॉर्नरबॅक (कडेचे रिसीव्हर सांभाळणारा) उभा राहिला, तर बहुधा झोन आहे, म्हणजे प्रत्येकजण माणूस नाही, ठरलेली जागा सांभाळतोय. बरोला हे उत्तर स्नॅपच्या आधीच मिळायचं. पहिलं उत्तर असेल, तर जड अंगाचा लाइनबॅकर मोकळ्या जागेत एडवर्ड्स-हिलेअरसमोर एकटा. दुसरं असेल, तर आत स्लॉटमध्ये (लाइन आणि कडेचा रिसीव्हर यांच्या मधे) जेफरसनसमोर लाइनबॅकर किंवा सेफ्टी (सर्वांत मागचा बचावपटू). २०१८ मध्ये बाहेरून खेळणाऱ्या जेफरसनला २०१९ मध्ये बहुतांशी आत आणलं ते यासाठीच. त्याने १११ पास झेलले, १,५४० यार्ड आणि १८ टचडाउन. त्या झेलांतला मोठा वाटा असाच, समोर चुकीचा माणूस उभा असल्यामुळे आलेला आहे.

एम्प्टीची किंमतही आहे. संरक्षणाला फक्त पाच लाइनमन उरतात. सहा जण चालून आले तर एक जण मोकळा क्वार्टरबॅकवर येणारच, त्याला अडवायला माणूसच नाही. अशा वेळी दोन-अडीच सेकंदांच्या आत चेंडू हातातून सुटला पाहिजे, आणि जिकडून ब्लिट्झ आला तिकडेच मोकळी झालेली जागा रिसीव्हरलाही त्याच क्षणी दिसली पाहिजे. दोघांपैकी एकाला उशिरा दिसलं की सॅक (क्वार्टरबॅक चेंडूसकट पाडला जाणं) किंवा इंटरसेप्शन ठरलेलं. बरेच कॉलेज संघ एम्प्टी वापरून तोंडावर पडतात ते याच कारणाने. एलएसयूच्या लाइनला त्या वर्षी देशातल्या सर्वोत्तम ऑफेन्सिव्ह लाइनचा जो मूर पुरस्कार मिळाला, हे बरोचे आकडे सांगताना सोबत सांगायलाच हवं.

२२ नंबर बरोच्या शेजारी उभा असेल, तर 'बॉक्स' मोजा. दोन्ही टॅकल (लाइनच्या दोन टोकांचे लाइनमन) आणि टाइट एंड यांच्या समोरचा, रेषेपासून साधारण पाच यार्ड खोल पट्टा म्हणजे बॉक्स. लाइनचे पाच आणि टाइट एंड थॅडियस मॉस मिळून अडवणारे सहा. बॉक्समध्ये सहाच बचावपटू असतील तर प्रत्येकाला एक अडवणारा मिळतो, मग चेंडू एडवर्ड्स-हिलेअरच्या हातात. सातवा आला म्हणजे मागचा एक सेफ्टी पुढे आलाय, आणि बाहेर चेस एकट्या कॉर्नरबॅकसमोर आहे. बचावाला दोन्ही दारं एकदम बंद करता येत नव्हती.

याचा उत्तम पुरावा म्हणजे ९ नोव्हेंबर २०१९ चा टस्कलूसामधला अलाबामाविरुद्धचा सामना. अलाबामाने त्याआधी एलएसयूला सलग आठ वेळा हरवलं होतं. एलएसयू मध्यंतराला ३३-१३ अशी पुढे होती आणि शेवटी ४६-४१ ने जिंकली. बरोने ३९ पैकी ३१ पास पूर्ण केले, ३९३ यार्ड. पण अलाबामा जवळ येत गेली तेव्हाच्या एलएसयूच्या आक्रमणाच्या मालिका पुन्हा पाहा. एडवर्ड्स-हिलेअर त्या दिवशी १०३ यार्ड धावला, धावून तीन टचडाउन केले, नऊ पास झेलले आणि त्यातही एक टचडाउन. पहिल्या धडकेत तो क्वचितच पडतो. बुटका असल्यामुळे धडकणाऱ्याला खाली वाकावं लागतं, आणि त्याचं वजन खालीच असल्याने वाकलेला माणूसच मागे ढकलला जातो.

ऑबर्नचा सामना चाहते पटकन विसरतात, कारण त्यात आतषबाजी नव्हती. मला तो सर्वांत शिकवणारा वाटतो. ऑबर्नने तीनच जण पुढे पाठवले आणि आठ जण पासच्या वाटेत मागे ठेवले. असं करायला पुढचे तिघे फार ताकदवान लागतात, आणि ऑबर्नकडे डेरिक ब्राउनसारखा खेळाडू होता. लांबचे पास आटले. एलएसयूला त्या मोसमातले सर्वांत कमी म्हणजे २३ गुण मिळाले, निकाल २३-२०. पण आठ जण मागे ठेवले की बॉक्स रिकामा होतो, आणि त्या रिकाम्या जागेतून एडवर्ड्स-हिलेअर १३६ यार्ड धावला. तो नसता तर अपराजित मोसम ऑक्टोबरमध्येच संपला असता.

बरोला कमी लेखायचा अजिबात विचार नाही. ७ सप्टेंबरला ऑस्टिनमध्ये टेक्ससविरुद्ध त्याचं स्वतःचं देणं स्वच्छ दिसतं. एलएसयू ३७-३१ ने पुढे, शेवटची काही मिनिटं, तिसरा डाउन आणि १७ यार्ड बाकी. टेक्ससने ब्लिट्झ केला. पॉकेट (क्वार्टरबॅकभोवती लाइनने राखलेली जागा) कोसळत असताना बरो मागे पळाला नाही, एक पाऊल पुढे सरकून बाजूला झाला आणि जेफरसनला चेंडू दिला. ६१ यार्डांचा टचडाउन. कुठलाही आराखडा हे शिकवत नाही. तरुण क्वार्टरबॅक दबावात मागे मागे जातो, तिथे टॅकलने बाहेरून वळवलेला रशर (क्वार्टरबॅकवर धावून येणारा) आपोआप त्याच्या अंगावर येतो. पुढे सरकलं की तोच रशर मागून निघून जातो. क्वार्टरबॅक पारखताना आधी पाय बघा, हात नंतर.

आकड्यांबद्दल थोडं, कारण इथेच वाद भलतीकडे जातो. पूर्ण पासची टक्केवारी छोट्या स्क्रीन पासनी सहज फुगते. क्रिकेटमध्ये नुसती सरासरी बघून स्ट्राइक रेट न बघण्यासारखं ते आहे. प्रत्येक पासच्या प्रयत्नामागे किती यार्ड हे बघा. बरोचे ५२७ प्रयत्नांत ५,६७१, म्हणजे पासमागे जवळपास १०.८. इतकी टक्केवारी आणि इतके यार्ड एकत्र येणं दुर्मीळ आहे. टचडाउनच्या बाबतीत सामने मोजा. हवाईच्या कोल्ट ब्रेननने २००६ मध्ये १४ सामन्यांत ५८ दिले होते, वेस्टर्न केंटकीच्या बेली झॅपीने २०२१ मध्ये तितक्याच सामन्यांत ६२. सरासरीत दोघेही बरोच्या पुढे आहेत. फरक पडतो प्रतिस्पर्ध्यांचा: एलएसयूने त्या एका मोसमात सामन्यावेळी पहिल्या दहात असलेले सात संघ हरवले. आणखी एक खाच म्हणजे कॉलेजमध्ये सॅकमध्ये गेलेले यार्ड क्वार्टरबॅकच्या धावण्यातून वजा होतात, एनएफएलमध्ये तसं होत नाही. त्यामुळे कॉलेजचा क्वार्टरबॅक कागदावर असतो त्यापेक्षा चांगला धावणारा असतो. वेगवेगळ्या वर्षांची तुलना करताना घड्याळही लक्षात घ्या. २०१९ मध्ये प्रत्येक फर्स्ट डाउनला (१० यार्ड पूर्ण करून नव्या संधी मिळाल्यावर) घड्याळ थांबायचं. २०२३ पासून ते प्रत्येक अर्ध्याच्या शेवटच्या दोन मिनिटांतच थांबतं, त्यामुळे आता सामन्यात प्ले कमी होतात.

चेस की जेफरसन, हा वाद मला तितका रंगतदार वाटत नाही, कारण दोघांची कामं वेगळी होती. जेफरसन आतून साखळी हलती ठेवायचा, म्हणजे फर्स्ट डाउन मिळवत राहायचा, चेस बाहेरून सामना फोडायचा. १३ जानेवारी २०२० च्या अंतिम सामन्यात क्लेमसनचा बचाव सुरुवातीला सुटत नव्हता, एलएसयू १७-७ ने मागे होती. पुढे वाट उघडली ती चेसने. ए. जे. टेरेलसारख्या कॉर्नरबॅकसमोर एकास एक खेळून त्याने नऊ झेलांत २२१ यार्ड आणि दोन टचडाउन मिळवले. निकाल ४२-२५. टेरेल पुढे ड्राफ्टच्या, म्हणजे एनएफएल संघांच्या खेळाडू-निवडीच्या, पहिल्याच फेरीत गेला, म्हणजे समोरचा माणूस कच्चा नव्हता.

पुढच्या वर्षी एलएसयू ५-५ वर आली. बरो, जेफरसन आणि एडवर्ड्स-हिलेअर एनएफएलमध्ये, ब्रेडी कॅरोलायना पँथर्सकडे, बचावाचा सूत्रधार डेव्ह अरांडा बेलरला मुख्य प्रशिक्षक, आणि चेसने त्या मोसमात न खेळायचं ठरवलं. एकाच ड्राफ्टमध्ये चौदा खेळाडू गेल्यावर कुठलाही संघ लगेच उभा राहत नाही. 'नुसती सिस्टिम होती' असं म्हणणाऱ्यांना मात्र पुढचा इतिहास उत्तर देतो: जेफरसन २०२२ मध्ये एनएफएलचा सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला, आणि बरो व चेस सिनसिनाटीकडून सुपर बोलपर्यंत, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यापर्यंत, पोचले. एडवर्ड्स-हिलेअर कॅन्सस सिटीत पहिल्या फेरीत निवडला गेला, पण तिथे कॉलेजइतका बहरला नाही. एनएफएलचे लाइनबॅकर वेगवान असतात, मोकळ्या जागेत त्याला कॉलेजमध्ये मिळणारा फायदा तिथे उरला नाही. त्याने २०१९ मध्ये एलएसयूसाठी जे केलं त्याचं मोल यामुळे कमी होत नाही.

पुणे-मुंबईत बसून कॉलेज फुटबॉल थेट पाहायचं, तर अमेरिकेच्या मध्य वेळेनुसार शनिवारी संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे रविवारी पहाटे साडेपाचला सुरू होतो. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेसहाला. २०१९ चे सामने पाहायचे तर टेक्सस, ऑबर्न, अलाबामा आणि क्लेमसन या क्रमाने पाहा. प्रत्येक प्ले दोनदा बघा. पहिल्यांदा स्नॅपपर्यंत फक्त २२ नंबर कुठे उभा आहे आणि बॉक्समध्ये किती जण आहेत, आणि दुसऱ्यांदा चेंडू. टीव्हीच्या कॅमेऱ्यात मागचे सेफ्टी बरेचदा दिसत नाहीत, त्यामुळे ते किती मागे आहेत हे बॉक्सवरूनच ओळखावं लागतं: समोर सहा दिसले तर मागे बहुधा दोन, सात दिसले तर एक. ऑबर्नच्या सामन्यात बॉक्समधली डोकी पाचवर आली की प्ले थांबवा, बरो काय करणार ते आधी सांगा आणि मग पुढे चालू करा.