नेटवर्क स्कॅनर सारखा क्रॅश होत होता तेव्हा

नेटवर्कवर नेमकी कोणती उपकरणं जोडलेली आहेत आणि त्यांचे कोणते पोर्ट (जोडणी स्वीकारणारी क्रमांकित दारं) उघडे आहेत, याची यादी ताजी ठेवणं हा माझ्या कामाचा भाग आहे. (लेखी परवानगीशिवाय मी कुठलंही नेटवर्क स्कॅन करत नाही, आणि कुणीच करू नये.) त्यासाठी विंडोजवर जो स्कॅनर वापरतो, तो अचानक क्रॅश व्हायला लागला. स्कॅन सुरू केला की काही सेकंदांत खिडकी गायब. एरर मेसेज नाही, प्रोग्रामच्या लॉगमध्येही काही नाही.

रीइन्स्टॉल केलं, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून पाहिलं, अँटीव्हायरसमध्ये सूट दिली, व्हीपीएनचा ॲडॉप्टर बंद केला. काही फरक नाही.

मग स्कॅन करायच्या नेटवर्क पत्त्यांची रेंज कमी करत गेलो. /२४ म्हणजे २५६ पत्ते. तिथून थेट एकाच पत्त्यावर आलो, तरी क्रॅश. म्हणजे मेमरी कमी पडतेय हा संशय मिटला. त्यानंतर स्कॅनचा प्रकार बदलला आणि पहिला खरा धागा हाती लागला. 'कनेक्ट' स्कॅन बिनबोभाट पूर्ण झाला, 'सिन' स्कॅन मात्र लगेच कोसळला. कनेक्ट स्कॅनमध्ये प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टिमलाच सांगतो की अमुक पोर्टशी जोडणी कर. सिन स्कॅनमध्ये तो स्वतः पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) तयार करून पाठवतो आणि उत्तरं थेट नेटवर्क कार्डावरून टिपतो. विंडोजवर त्यासाठी पॅकेट कॅप्चर ड्रायव्हर आणि त्याच्या डीएलएल फाइल्स (प्रोग्राम वापरतात त्या तयार कोडच्या फाइल्स) लागतात. माझ्या मशीनवर एनपीकॅप नावाचा ड्रायव्हर होता. बिघाड त्याच वाटेवर कुठेतरी होता.

विंडोज आपल्या नोंदी जिथे दाखवतं ते इव्हेंट व्ह्यूअर उघडलं. विंडोज लॉग्ज, त्यात ॲप्लिकेशन, आणि तिथे इव्हेंट आयडी १००० च्या लाल खुणांची रांग. प्रत्येक नोंदीत 'फॉल्टिंग मॉड्यूल' या ओळीपुढे एकच नाव होतं: डब्ल्यूपीकॅप डॉट डीएलएल, म्हणजे पॅकेट कॅप्चरच्या त्या फाइल्सपैकीच एक. ही नोंद सगळ्यात आधी वाचावी असं माझं ठाम मत आहे. रीइन्स्टॉल करत बसण्यात जो वेळ जातो, तो ही एक ओळ वाचवते.

त्याच मशीनवर एनमॅप हा दुसरा नेटवर्क स्कॅनर चालवून पाहिला. १९९७ पासून वापरात असलेलं हे साधन माझ्या भरवशाचं आहे. त्याचा सिन स्कॅन व्यवस्थित झाला. म्हणजे नेटवर्क कार्ड ठीक, एनपीकॅप ड्रायव्हरही ठीक. मग एकाच मशीनवर एक चालतो आणि दुसरा का पडतो?

उत्तर प्रोसेस मॉनिटरने दिलं. कुठला प्रोग्राम कुठली फाइल उघडतो, हे ते साधन दाखवतं. त्यात स्कॅनरच्या प्रोसेसचा फिल्टर लावला आणि 'लोड इमेज' या नोंदी पाहिल्या. स्कॅनर ती डीएलएल थेट सिस्टम३२ फोल्डरमधून उचलत होता. एनपीकॅप आपल्या फाइल्स सिस्टम३२ च्या आत 'एनपीकॅप' नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो, आणि एनमॅप आधी तिथेच शोधतो. वरच्या फोल्डरमधल्या फाइलवर राइट क्लिक करून 'डिटेल्स' पाहिले, तर आवृत्ती ४.१.०.२९८०, म्हणजे विनपीकॅप ४.१.३ ची फाइल. विनपीकॅप हे एनपीकॅपच्या आधीचं पॅकेट कॅप्चर साधन, आणि ही त्याची शेवटची आवृत्ती, २०१३ सालची. पूर्वी कधीतरी दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरबरोबर ही फाइल आली असणार. ते सॉफ्टवेअर गेलं, फाइल राहिली.

पुढचं काम सरळ होतं. 'प्रोग्राम्स'च्या यादीत विनपीकॅप नव्हतंच, त्यामुळे अनइन्स्टॉलचा प्रश्न नव्हता. डब्ल्यूपीकॅप आणि तिची जोडीदार पॅकेट डॉट डीएलएल, दोन्हींची नावं बदलून ठेवली. लगेच डिलीट केल्या नाहीत, कारण परत लागल्या तर हाताशी असाव्यात. ३२-बिट प्रोग्राम सिसवॉव६४ फोल्डरमधून फाइल्स घेतात, म्हणून तिथल्या जुन्या प्रतींचंही तेच केलं. मग एनपीकॅप काढून पुन्हा बसवलं आणि इन्स्टॉलरमध्ये 'विनपीकॅप एपीआय-कंपॅटिबल मोड' या पर्यायावर टिक असल्याची खात्री केली. या पर्यायामुळे जुन्या नावाच्या, पण नव्या आवृत्तीच्या फाइल्स सिस्टम३२ मध्येही येतात. स्कॅनरला हव्या होत्या त्या नेमक्या याच.

मशीन रीस्टार्ट केल्यावर आधी एका पत्त्यावर, मग पूर्ण रेंजवर सिन स्कॅन लावला. तो शेवटपर्यंत गेला. प्रोसेस मॉनिटर मी चालूच ठेवलं होतं. लोड झालेली डीएलएल आता एनपीकॅपची दिसत होती. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्यानंतर या प्रोग्रामची नवी नोंद आलेली नाही. त्या मशीनवर पॅकेट कॅप्चर करणारे बाकीचे प्रोग्रामही एकेक उघडून तपासले, तेही चालले, आणि मग नाव बदललेल्या फाइल्स डिलीट केल्या.