लेकीचा घसा आणि १० दिवसांचं औषध

आज सगळी दुपार लेकीला घेऊन कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेली. या वर्षातली चौथी खेप. रात्रभर १०२ ताप, थुंकी गिळतानाही रडत होती. मोबाइलची बॅटरी मारून पाहिलं, तर दोन्ही टॉन्सिल्स लालबुंद, सुपारीएवढे सुजलेले, वर पांढरे ठिपके.

आता ऑपरेशन करूनच टाकू, असं ठरवून गेले होते. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं: वर्षात ७ वेळा, किंवा सलग २ वर्षं दरवर्षी ५ वेळा, किंवा ३ वर्षं दरवर्षी ३ वेळा असं दुखणं आलं, तर काढायचा विचार करतात. झोपेत श्वास अडकत असेल तर गोष्ट वेगळी.

बहुतेकदा हे विषाणूंमुळे होतं, तिथे अँटिबायोटिकचा उपयोगच नसतो. पॅरासिटामॉल, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, भरपूर पाणी, आराम. हिच्या घशाच्या स्वॅबमध्ये मात्र स्ट्रेप्टोकोकस हा जिवाणू निघाला, म्हणून अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक, पूर्ण १० दिवस. मागच्या वेळी ताप उतरला म्हणून तिसऱ्या दिवशीच मी औषध बंद केलं होतं. हा जंतुसंसर्ग नीट बरा झाला नाही, तर पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात, हे ऐकलं आणि पोटात गोळाच आला. आयांनो, बाटली अर्धी ठेवू नका गं.

आत्ता गार दहीभाताचे चार घास खाऊन झोपलीय. फ्रिजच्या दारावर १० चौकोनांचा कागद चिकटवलाय. पहिल्या चौकोनात तिने स्वतः लाल खडूने चांदणी काढलीय.