तेलवाळूची खरी झुंज: वाफ आणि गाळ

कॅनडातल्या अल्बर्टाच्या तेलवाळूची चर्चा बहुतेक वेळा साठा आणि भाव एवढ्यावरच आटोपते. साठ्याची चिंता तिथे कुणालाच नाही. अथाबास्का, कोल्ड लेक आणि पीस रिव्हर या पट्ट्यांत बिटुमेन, म्हणजे वाळूला चिकटलेलं डांबरासारखं घट्ट तेल, कुठे आहे ते पक्कं माहीत आहे. पण ते वाळूपासून सोडवणं महाग पडतं आणि सोडवल्यावर मागे उरणारा गाळ त्याहून महाग पडतो.

सुमारे ७५ मीटरपर्यंतची वाळू खोदून काढता येते. बहुतेक साठा त्याहून खोल आहे, म्हणून तिथे वाफ सोडतात. दोन आडव्या विहिरी एकमेकींवर साधारण ५ मीटर अंतर ठेवून खणल्या जातात. आधी काही महिने दोन्हींत वाफ फिरवून मधली वाळू तापवायची. मग वरच्या विहिरीतून वाफ आत सोडायची आणि पातळ झालेलं बिटुमेन पाण्यासह खालच्या विहिरीतून उपसायचं.

इथे सगळी कसोटी तापमानाची. खालून येणारा द्रव वाफेच्या तापमानापेक्षा काही अंशांनी थंड ठेवावा लागतो. हा फरक फार कमी झाला की वाफ थेट खालच्या विहिरीत घुसते, जाळीदार नळीच्या बारीक फटी झिजतात, वाळू आत येते आणि विहीर निकामी होऊ शकते. फरक फार वाढला तर द्रव साचून वरच्या विहिरीपर्यंत चढतो आणि वाफेचा पसारा वाढायचा थांबतो. त्यात मधे शेल या चिकणमातीच्या खडकाचे थर आडवे आले की वाफ तिथेच अडते.

बिटुमेनच्या एका पिंपामागे किती पिंप पाण्याची वाफ लागली, हा आकडा मी सगळ्यात आधी बघतो. २ ते ३ असेल तर ठीक. ४ च्या वर गेला की जाळायचा नैसर्गिक वायू, खर्च आणि कार्बन तिन्ही एकदम चढतात. वापरलेल्या पाण्यातला बहुतांश भाग पुन्हा वापरतात, पण त्यातली सिलिका बॉयलरच्या नळ्यांत थर धरते, त्यामुळे पाणी शुद्ध करणं हेच तिथलं एक मोठं काम होऊन बसतं.

बिटुमेन पाइपलाइनमधून वाहावं म्हणून त्यात साधारण ३० टक्के कंडेन्सेट, म्हणजे हलकं पातळ तेल, मिसळतात, म्हणजे पाइपची तेवढी जागा पातळ करणाऱ्या द्रवालाच जाते. २०१८ मध्ये पाइपलाइन अपुऱ्या पडल्या आणि तिथलं जड तेल अमेरिकी तेलापेक्षा पिंपामागे ४० डॉलरहून अधिक स्वस्त विकावं लागलं. मे २०२४ मध्ये विस्तारित ट्रान्स माउंटन पाइपलाइन सुरू झाली, रोजची क्षमता ३ लाखांवरून ८ लाख ९० हजार पिंपांवर गेली आणि हा ताण बराच कमी झाला.

खाणींचा गाळ मात्र तसाच आहे. गरम पाण्याने बिटुमेन वेगळं केल्यावर जाड वाळू लगेच तळाला बसते. बारीक चिकणमाती पाण्यात लटकत राहते. काही वर्षांत ती दह्यासारखी होते आणि मग दशकानुदशकं तशीच राहते. पॉलिमर घालणं, सेंट्रिफ्यूज लावणं, जिप्सम मिसळणं हे सगळं चालू आहे, तरी हा गाळ साठवायची तळी भरतच आहेत. या पाण्यातली नॅफ्थेनिक आम्लं माशांना घातक असतात. अल्बर्टातल्याच कर्ल या तेलवाळूच्या खाणीतली झिरप मे २०२२ मध्ये लक्षात आली होती, आणि पुढे तिथल्याच एका साठवण तळ्यातून ५३ लाख लिटर पाणी बाहेर गेलं. अथाबास्का नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या आदिवासी समाजांना याची नीट माहिती मिळाली ती फेब्रुवारी २०२३ मध्ये. इतका उशीर कुठल्याही तांत्रिक अडचणीने समर्थनीय ठरत नाही.