तुम्ही विचारलंत म्हणून: बेस्ट तोट्यात कशी गेली?

वडील बेस्टमध्ये कंडक्टर होते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "बेस्ट एवढी तोट्यात कशी गेली हो?" कुणी काळजीने विचारतं, कुणी अशा सुरात की जणू सगळे पैसे कंडक्टरच्या चामडी पिशवीतूनच गळाले. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

बेस्ट म्हणजे बृहन्मुंबई इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रान्सपोर्ट; नावातच वीज आधी आहे आणि वाहतूक नंतर. कित्येक दशकं बसला पडणारी तूट विजेच्या पैशातून भरून निघत होती. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत वीज बेस्टची. परळच्या आमच्या घरी येणाऱ्या बिलात परिवहन तुटीचा वेगळा आकार असायचा. वडील निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी आई तो आकडा बघून म्हणायची, "हा ह्यांच्या बसचा."

पण बस धावायची दहिसर-मुलुंडपर्यंत, आणि तिथली वीज दुसऱ्या कंपन्यांची. म्हणजे प्रवासी साऱ्या मुंबईचे आणि भुर्दंड फक्त शहर भागाला. ही तक्रार खोटी नव्हती. 2003 च्या वीज कायद्यानंतर असा भार वीजग्राहकावर टाकणं अवघड होत गेलं आणि 2016 मध्ये ती वसुली थांबली. थांबली ते योग्यच झालं, असं मलाही वाटतं. पण मग बसचे पैसे कुणी द्यायचे, हे तेव्हाच कायमचं ठरवायला हवं होतं. ते ठरलं नाही. माझ्या मते बेस्टचं दुखणं इथे आहे.

तेव्हापासून महापालिका पैसे देते, पण दरवर्षी मागावे लागतात. कधी अनुदान, कधी कर्ज. बेस्ट 1947 पासून महापालिकेचीच, तरी ही मागामागी. रस्त्यावरच्या दिव्यांना, अग्निशमन दलाला कुणी तोट्यात म्हणत नाही; बसला म्हणतात, कारण तिच्यात तिकीट फाडलं जातं.

पैशाची हमी नसली की नव्या गाड्या घेता येत नाहीत. म्हणून भाड्याच्या गाड्या आल्या: गाडी आणि ड्रायव्हर कंत्राटदाराचे, पैसे किलोमीटरमागे. दर परवडत नाही म्हणून काही कंत्राटदार मध्येच निघून गेले आणि त्यांच्या गाड्या रस्त्यावरून गायब झाल्या. एकेकाळी हजारोंनी असलेल्या स्वतःच्या गाड्या आता काहीशेवर आल्या आहेत, त्यामुळे ती जागा भरणार कशाने? आणि आगारांच्या जमिनी विकसित करून पैसा उभा करा, असं जे सुचवतात, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की हे बियाणं दळून खाणं आहे. मुंबईत बस उभी करायला पुन्हा जागा मिळणार नाही.

तिकीट वाढवा म्हणणारेही भेटतात. जुलै 2019 मध्ये किमान भाडं 8 वरून 5 रुपयांवर आणलं तेव्हा शेअर रिक्षाकडे गेलेली माणसं बसकडे परतली होती. मे 2025 मध्ये तेच भाडं 10 झालं. जाता-येता दोन-दोन बस बदलून कामाला जाणाऱ्या बाईकडे पास नसेल, तर तिचे रोजचे 20 रुपये आता 40 झाले. महिन्याचे 26 दिवस धरले तर 520 रुपये जास्त.